पाच नद्यांपलीकडची दिवाळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, दिवाळीच्या आधी भरलेल्या सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर बोलावयाचे तर वक्ता कोणी साहित्यिक असावा, निदान प्राध्यापक तरी असावा, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. आमचे शिक्षण बी. ए. पर्यंतचे, आणि पुढचे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या चाकरीत टिपणे आणि तक्ते लिहिण्यात गेलेले. सरकारी पत्रात ‘मी’ हा शब्द येतो तो ‘आदेशावरून मी कळवितो की’ एवढ्यापुरताच. म्हणजे स्वतःस ‘मी’ म्हणण्यासही वरिष्ठांचा आदेश लागतो. त्यामुळे त्या शब्दाची सवयच राहिली नाही. आम्ही स्वतःस ‘आम्ही’ म्हणतो तो मोठेपणा समजू नये, ती नोकरीची खोड समजावी.

चिटणिसांनी विषय दिला आहे ‘परप्रांतातील आपले सण’. विषय मोठा आहे आणि आमचा अनुभव लहान. म्हणून आम्ही एकाच दिवाळीची हकीकत सांगणार आहोत, २००५ सालच्या; आणि तिच्या आधाराने शेवटी मंडळापुढे एक मागणे मांडणार आहोत.

त्या वर्षी आमची नेमणूक चेन्नईस होती. मुलांच्या शाळा आणि वडिलांची प्रकृती या दोन कारणांनी बिऱ्हाड पुण्यास ठेवले होते आणि आम्ही एकटे खानावळीचे अन्न खात होतो. बदलीच्या नोकरीतील माणसाचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालत नाही, रजेच्या अर्जाप्रमाणे चालते. आमचा त्या वर्षीचा अर्ज गणपतीस नामंजूर आणि दिवाळीस मंजूर झाला होता. ऑक्टोबरात पंधरा दिवसांच्या कामासाठी आम्ही तंजावरास गेलो. २८ तारखेस काम संपवावे, २९ तारखेस चेन्नईहून पुण्याची गाडी धरावी आणि नरकचतुर्दशीच्या आत घरी पोचावे, असा बेत कागदावर पक्का होता.

परंतु तामिळनाडूचा पाऊस आपल्याकडच्यासारखा मृगात येत नाही. तो ईशान्येच्या वाऱ्यांवर आश्विन-कार्तिकात येतो, म्हणजे नेमका दिवाळीच्या तोंडावर. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तो असा कोसळला की चेन्नईत रस्त्यांचे ओढे झाले, रुळांवर पाणी चढले आणि गाड्या खोळंबल्या. आमची गाडीही त्यांतच गेली. यात कोणाचा दोष नव्हता. पावसाकडे स्पष्टीकरण मागता येत नाही.

आम्ही घरी फोन केला. आमचे वडील, त्यांस आम्ही नाना म्हणत असू, फोनवर आले. नानांचे दिवाळीतील एक ठरलेले काम होते. घरात गॅसचा गीझर येऊन बरीच वर्षे लोटली होती, तरी नरकचतुर्दशीच्या पहाटे ते चार वाजता उठून जुना तांब्याचा बंब स्वतः पेटवीत आणि त्याच पाण्याने सर्वांनी न्हावे असा आग्रह धरीत. धुराने डोळे चुरचुरल्याखेरीज त्यांची दिवाळी उजाडत नसे. आम्ही गाडीची हकीकत सांगितली. क्षणभर थांबून ते म्हणाले, “मग पावसाशी भांडू नकोस. जेवलास का?”

आम्ही “जेवलो” म्हणालो. ते खरे नव्हते. विश्रामगृहाचा स्वयंपाकी सणासाठी त्याच्या गावी निघून गेला होता.

दुसरा दिवस रविवार. पाऊस थांबला तेव्हा वेळ घालविण्यासाठी आम्ही तंजावरात हिंडलो. बृहदीश्वराच्या प्राकारात मराठी शिलालेख आहे. भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली तेथे दगडावर कोरला गेला. मायदेशापासून इतक्या दूर, चोळांनी बांधलेल्या भिंतीवर आपली भाषा पाहून एरवी अभिमान वाटला असता. त्या दिवशी मात्र घर अधिकच आठवले. तेथून आम्ही शिवगंगा बागेजवळच्या श्वार्ट्झच्या चर्चमध्ये गेलो. आत एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवरील वृद्ध पाद्र्याचा हात एका तरुण राजपुत्राने हाती घेतला आहे. तो राजपुत्र म्हणजे दुसरे सरफोजी. तुळजा राजांनी १७८७ साली त्यांस दत्तक घेतले आणि त्याच वर्षी राजे निवर्तले. पुढे गादी दुसऱ्याकडे गेली. त्या पोरक्या मुलाचा सांभाळ आणि शिक्षण ज्याने पाहिले तो हा जर्मन धर्मोपदेशक. ना रक्ताचा, ना जातीचा, ना धर्माचा. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला. सरफोजी गादीवर बसले ते त्यानंतर काही महिन्यांनी. ज्याच्यामुळे हे दिवस आले त्यालाच ते दाखविता आले नाहीत. राजांनी मग इंग्लंडातील फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून हे शिल्प करवून घेतले. आपला धर्म त्यांनी सोडला नाही आणि मित्राचे ऋणही विसरले नाहीत. हे सारे आम्ही त्या दिवशी वाचले, पाहिले आणि बाहेर येऊन केळी खाल्ली. त्याचा अर्थ आमच्या ध्यानात पुढे आला.

सोमवारी कामाच्या ठिकाणचे हेडक्लार्क आमचा निरोप घेण्यास आले. वयाने आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, अबोल तामिळ गृहस्थ. पंधरा दिवसांत आमचे त्यांच्याशी कामापलीकडे बोलणे झाले नव्हते. झाले ते बहुधा आकडे न जुळल्याविषयीच. आम्ही अजून तेथेच आहोत हे पाहून ते थबकले. त्यांनी कारण विचारले, खोलीत एकवार नजर फिरविली आणि म्हणाले, “सार, पिशवी भरा. माझे घर तिरुवैयारुला आहे. आईने विचारले, तर दिवाळीला एका माणसाला कुलपाजवळ सोडून आलो असे मी सांगू शकणार नाही.”

आम्ही बरेच आढेवेढे घेतले. अधिकाऱ्याने कनिष्ठाच्या घरी पाहुणचार घ्यावा का, हाही प्रश्न मनात आला. काम संपले होते, कागदांवर सह्या झाल्या होत्या, तेव्हा नियमाचे कारण पुढे करता येईना. आणि खरे सांगावयाचे तर अडचण नियमाची नव्हती. उपकार घेण्याची आम्हांस सवय नव्हती.

तंजावराहून तिरुवैयारु सुमारे १३ किलोमीटर. परंतु त्या अंतरात पाच पूल लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. तामिळमध्ये ‘ऐ’ म्हणजे पाच, ‘आरु’ म्हणजे नदी. तेच तिरुवैयारु, संस्कृत ग्रंथांतील पंचनदक्षेत्र. एस. टी.सारखीच खडखडणारी बस, बाहेर संध्याकाळचा पाऊस आणि प्रत्येक पुलाखाली गढूळ, भरलेले पाणी. प्रत्येक पूल ओलांडताना पुणे आणखी एका नदीने दूर गेल्यासारखे वाटत होते.

घर जुन्या वळणाचे, रस्त्यालगत लांब ओटा असलेले. त्या ओट्यास तेथे तिण्णै म्हणतात. पूर्वी वाटसरू रात्री तेथे अंग टाकीत. हेडक्लार्कांच्या मातोश्री दारातच बसल्या होत्या. तामिळमध्ये आजीस पाट्टी म्हणतात. आम्हीही पाट्टीच म्हणू लागलो. त्यांस तामिळखेरीज भाषा येत नव्हती आणि आम्हांस तामिळ कामापुरतीच येत होती. त्यांनी मुलाच्या मार्फत एकच गोष्ट विचारली: तुमच्या घरी सकाळी तेल कोण लावते? आम्ही सांगितले, आई. आणखी काय करता, असे विचारले तेव्हा आम्ही उटण्याविषयी, बंबाविषयी, आणि नरकासुर म्हणून पायाच्या अंगठ्याखाली कारिट फोडतात त्याविषयी सांगितले. ‘कारिट’ म्हणजे काय हे काही आम्हांस समजावता आले नाही. लहान, हिरवे, कडू, एवढे सांगून आम्ही तो नाद सोडला.

तामिळ मुलखातील दिवाळी म्हणजे मुख्यतः नरकचतुर्दशीची पहाट. चार वाजता हाक आली. अंगणामागे चुलीवर तांब्याच्या हंड्यात पाणी तापत होते आणि पावसाने ओलसर झालेल्या लाकडांचा धूर घरभर पसरला होता. डोळे चुरचुरले. बंधुभगिनींनो, ते केवळ धुरामुळे होते की नाही, हे आज आम्हांस नक्की सांगता येणार नाही.

पाट्टींनी घरातील सर्वांस ओळीने पाटावर बसविले आणि वयाच्या क्रमाने प्रत्येकाच्या टाळूवर तेल घातले. आमची पाळी त्यांच्या मुलानंतर आणि सुनेच्या आधी लागली. म्हणजे आम्हांस धाकट्या मुलाची जागा मिळाली. तेल घालताना त्या “कण्णा” असे काहीसे पुटपुटल्या. आईने लेकराला म्हणावयाचा तो शब्द. शिकेकाईने न्हाऊन आलो तो हळदीचे बोट लावलेले नवे धोतर, ते वेष्टी म्हणतात, आमच्यासाठी पाटावर ठेवलेले. आदल्या रात्री पावसात दुकान उघडवून कोणी ते आणले, हे आम्हांस कोणी सांगितले नाही. आणि उंबऱ्याशी, नेमके पाऊल पडेल तेथे, एक लहानसे हिरवे लिंबू ठेवले होते. घरातला नऊ वर्षांचा नातू बाजूस उभा राहून आमच्या पायाकडे टक लावून पाहत होता. कारिट मिळाले नव्हते. परंतु लहान, हिरवे आणि कडू यांपैकी दोन गोष्टी तरी त्याने जमविल्या होत्या. आम्ही अंगठ्याने जोर केला, लिंबू सटकले, ओसरीभर घरंगळत गेले आणि तो मुलगा टाळ्या पिटीत ते पकडून घेऊन आला. दुसऱ्या खेपेस आम्ही टाच वापरली. पुण्यात हे चालले नसते.

उजाडू लागले तसे शेजारीपाजारी येऊ लागले. जो येई तो एकच प्रश्न विचारी: “गंगास्नानम् आच्चा?” गंगास्नान झाले का? त्या पहाटे प्रत्येक घरातील न्हाणीच्या पाण्यात गंगा येते अशी तेथील श्रद्धा. कावेरी दारात असलेल्या माणसांनी एकमेकांस गंगेची विचारपूस करावी, ही आम्हांस मोठी गोड गोष्ट वाटली. मग आले, मिरे, ओवा, गूळ घालून तुपात शिजविलेले लेहियम. ते औषध आधी पोटात गेल्याशिवाय गोडास हात लावू देत नाहीत. त्यानंतर तिरुवैयारुचा प्रसिद्ध अशोका, म्हणजे मुगाच्या डाळीचा तुपाने निथळणारा हलवा. मुरुक्कू, ती आपल्या चकलीची सख्खी बहीण. आणि अदिरसम, तो तर अनारशाचा भाऊच. पानावर इतके आप्त भेटतील अशी आमची अपेक्षा नव्हती.

आठ वाजता शेजारचे एक निवृत्त शिक्षक आले. गल्लीत त्यांस सारे ‘राव सार’ म्हणत. तामिळ मुलखात मराठी माणसास राव हे जवळजवळ सर्वनामच आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांनी तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची सत्ता होती. त्यांच्यामागून गेलेल्या घराण्यांपैकी हे एक. घरात मराठी बोलतात, परंतु देवनागरी त्यांस वाचता येत नव्हती. त्यांचे सर्व शिक्षण तामिळ आणि इंग्रजीत झालेले. पाहुणा पुण्याचा आहे असे कळताच ते घरी जाऊन एक जुना कागद घेऊन आले. मोडी. “तुम्ही तिकडले आहात, एवढे वाचून सांगा,” म्हणाले. आम्ही कागद उलटासुलटा केला, चष्मा पुसला, आणि आम्हांस मोडी येत नाही असे कबूल केले. दोन मराठी माणसे एका मराठी कागदापुढे निरक्षर होऊन बसली. नंतर दोघेही मोठ्याने हसलो. तीनशे वर्षांचे अंतर त्या हसण्याने जेवढे कमी झाले तेवढे वाचल्याने झाले नसते.

ते आम्हांस नदीवर घेऊन गेले. त्यागराजांची समाधी कावेरीच्या काठीच आहे. पुष्य वद्य पंचमीस तेथे हजारो लोक जमतात आणि शेकडो गायक एका स्वरात पंचरत्न कीर्तने गातात. त्या दिवशी मात्र तेथे पावसाखेरीज कोणी नव्हते. त्यागराज (१७६७–१८४७) घरी तेलुगू बोलणारे, गाव तामिळ, राजा मराठी. आणि हा एवढा मोठा पुरुष उंछवृत्तीने राहिला. आपल्याकडील माधुकरीसारखे, गात गात गल्लीतून जावे आणि दारोदारीचे मूठमूठ तांदूळ घ्यावे. ज्यांनी ते तांदूळ घातले त्या बायकांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. समाधीवरील मंदिर १९२५ साली उभे राहिले ते बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःची कमाई वेचल्यामुळे. ज्या उत्सवात पूर्वी स्त्रियांस गाऊ देत नसत, त्याच उत्सवाचे स्थान तिने बांधून दिले. १९५२ मध्ये ती वारली. तिची मूर्ती समाधीकडे तोंड करून बसलेली आहे.

घाटाच्या पायऱ्यांवर राव सारांनी आम्हांस तिरुवैयारुच्या देवाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीसाठीच आम्ही आपला इतका वेळ घेतला आहे.

गावचा देव ऐयारप्पर, म्हणजे पंचनदीश्वर, देवी धर्मसंवर्धिनी. त्यांनी नंदीस पुत्र मानले. मुलाचे लग्न निघाले, वधू तिरुमळपाडीची सुयशा. देव झाला तरी लग्नघर ते लग्नघर. एकट्याने कसे निभावे? तेव्हा भोवतालची गावे धावून आली. तिरुप्पळनमने फळे दिली, तिरुच्चोट्रुतुरैने भात, तिरुप्पूंतुरुत्तीने फुले, तिल्लैस्थानमने तूप, तिरुवेदिकुडीने वेदपाठी ब्राह्मण पाठविले. कंडियूरही मागे राहिले नाही. कार्य पार पडले. पुढे चैत्र-वैशाखाच्या सुमारास, तामिळ चित्तिरै महिन्यात, ऐयारप्पर नवपरिणीत जोडप्यास घेऊन पालखीतून त्या सहाही गावांस जातो. कशासाठी? तर आभार मानण्यासाठी. आजही दरवर्षी ती पालखी निघते. त्या उत्सवास सप्तस्थान म्हणतात.

आपल्या पालख्या देवाच्या भेटीस भक्त नेतात. येथे देवच ज्यांनी भात आणि तूप दिले त्यांच्या दारी जातो, हे ऐकून आम्ही गप्प झालो. राव सार सहज बोलून गेले की दिवाळीस घरी जाता आले नाही म्हणून तुम्ही कष्टी आहात, परंतु आमच्या तीनशे दिवाळ्या येथेच झाल्या. ज्या दारी डोक्यावर तेल पडले ते दार आम्ही आपले मानले, आणि ज्यांनी घातले त्यांस विसरलो नाही. त्यात उपदेश नव्हता. ते पाऊस पुन्हा येईल का हे पाहत होते.

परत निघताना आम्ही हेडक्लार्कांस ‘अण्णा’ म्हणालो. हा शब्द तामिळमध्ये आणि मराठीत एकच आहे, आणि अर्थही एकच आहे.

डिसेंबरच्या अखेरीस आम्हांस रजा मिळाली. नाना अंथरुणावर होते. त्यांनी दिवाळीची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. लिंबाची तर दोनदा. देवाच्या पालखीपाशी आल्यावर त्यांनी विचारले, “त्या माउलीला काय दिलंस?” काहीच दिले नव्हते. आभाराचे पत्र धाडले आहे, एवढे आम्ही सांगितले. नाना म्हणाले, “देव स्वतः गेला ना? मग पत्रावर भागवू नकोस. जाऊन ये.”

माघात नाना गेले. २००५ ची दिवाळी ही त्यांची शेवटची होती, आणि त्या पहाटे बंब त्यांनी एकट्याने पेटविला होता. सौभाग्यवतीने पुढे सांगितले की आमचा पाट मांडून ठेवावयास त्यांनी लावले होते आणि त्यावर तेलाचे बोट लावले होते. ही रुखरुख कोणत्याही पाहुणचाराने जाणारी नाही. मित्र मिळाले म्हणून घर चुकल्याचे दुःख उणे होत नाही, हे आम्ही येथे स्पष्ट सांगतो. परंतु त्या पहाटे इकडे पुण्यास रिकाम्या पाटावर तेल पडले आणि तिकडे पाच नद्यांपलीकडे एका अनोळखी म्हातारीने ते आमच्या टाळूवर घातले, हेही तितकेच खरे आहे. मधले अंतर तिने राखले नाही.

मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आईस आणि कुटुंबीयांस घेऊन तिरुवैयारुस गेलो. सप्तस्थानाचेच दिवस होते. ज्या कावेरीस आम्ही तुडुंब पाहिले होते तिच्या पात्रात आता वाळू तापत होती आणि त्या वाळूतून पालखी पलीकडे जात होती. आईने पाट्टींसाठी नऊवारी लुगडे आणि उटण्याची पुडी आणली होती. नानांस जाऊन वर्षही झाले नव्हते, म्हणून आई दारात थबकली. कोणाच्या घरी सणाच्या दिवसांत जावे की नाही, असे तिला वाटले असावे. पाट्टी उठल्या, तिचा हात धरून तिला आत नेले, पाटावर बसविले आणि एक शब्दही न बोलता तिच्या केसांना तेल लावू लागल्या. शुक्रवार होता, बायकांचा न्हाण्याचा वार. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघी रडल्या, आणि मग आईने लुगड्याची घडी पुढे ठेवली. नानांचे काम झाले.

पाट्टी आज नाहीत. अण्णांशी आमचा पत्रव्यवहार, आणि आताशा दूरध्वनी, चालू आहे. लिंबू ठेवणारा मुलगा नोकरीनिमित्त परगावी राहतो. त्यास आमच्या घरचा पत्ता पाठ आहे.

आता आमचे मागणे. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे, म्हणजे अन्नछत्रे आणि धर्मशाळा, बांधिली. १७९९ च्या तहाने सरफोजी राजांच्या हातून राज्यकारभार गेला, तरी छत्रांची व्यवस्था आपल्याकडे राहावी यासाठी ते इंग्रजांशी लिहून भांडले. तेथे सर्व जातींच्या वाटसरूस अन्न आणि आजाऱ्यास औषध मिळे. १८०२ साली त्यांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ हिच्या नावाने मोठे छत्र उभारिले. छत्राचा धर्म असा की जेवून गेलेला माणूस बहुधा परत येत नाही. तो आपले ऋण पुढच्या वाटेवर, दुसऱ्या कोणाला तरी वाढून फेडतो.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. आपण गणपती बसवितो, नाटके आणितो, दिवाळीचा फराळ करितो. परंतु तो फराळ आपण सभागृह मिळेल त्या रविवारी करितो, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे आपापल्या घरांची दारे लावून घेतो. दोन वर्षांपूर्वी अशाच फराळास एक तरुण आला होता. या शहरात त्याला तीन वर्षे झाली होती, आणि मंडळ आहे हे त्यास त्या आठवड्यात कळले होते. दिवाळीच्या पहाटे काय केलेस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “झोपलो होतो. उठून काय करायचं होतं?” त्या वर्षी आम्ही स्वतः कार्यकारिणीवर होतो. ज्याच्या डोक्यावर पाच नद्या ओलांडून तेल पडले, त्याच्या शहरातील एक मुलगा त्या पहाटे उशीत तोंड खुपसून पडला होता, आणि आम्हांस त्याचे नावही ठाऊक नव्हते. त्या दिवशी आम्हांस घास गिळवेना.

म्हणून आमची सूचना एवढीच की कोजागरीपासून मंडळाने एक वही ठेवावी. तिच्या एका पानावर या शहरात दिवाळीस एकटे असणाऱ्यांची नावे लिहावीत: शिकणारी मुले-मुली, बदलीवर आलेले, रुग्णालयात नातेवाइकाजवळ बसलेले, आणि ज्यांची मुले परदेशी आहेत असे वृद्ध. समोरच्या पानावर दार उघडणाऱ्या घरांची नावे असावीत. मराठी असण्याची अटही फार ताणू नये. आमच्या बाबतीत कोणी ती घातली नव्हती. आणि येणाऱ्यास आधी विचारावे: तुमच्या घरी काय करितात? जे जमेल ते उंबऱ्याशी ठेवावे. लिंबूही चालते.

अशी वही आम्ही आज आणली आहे. ती दाराजवळच्या टेबलावर आहे. दुसऱ्या पानावर पहिले नाव आमचे असून पुढे ‘दोन पाट, पहाटे चार’ असे लिहिले आहे. पाणी बंबात तापविलेले असेल, तेव्हा धुराची तयारी ठेवून यावे.